हळदीखालचं हाड

‘डोक्याचा एक्स-रे नॉर्मल आहे’ या एका वाक्यावर माझ्या माहेरी अख्खं लग्न लागलं. वाक्य खोटं नव्हतं, हेच तर दुखणं आहे. डोक्याचा एक्स-रे खरंच नॉर्मल होता. मोडलं होतं ते गालाचं हाड. आणि गाल म्हणजे डोकं नव्हे, एवढी साधी गोष्ट मी माझ्या सख्ख्या भावाला पटवू शकले नाही. कल्याणच्या एका हॉस्पिटलात मी एक्स-रे टेक्निशियन आहे. नोकरीला लागले तेव्हा अंधाऱ्या खोलीत फिल्म धुवायला लागायच्या, आता सगळं स्क्रीनवर दिसतं. इतकी वर्षं लोकांची हाडं बघतेय. रस्त्यावरचा परका माणूस आत येतो, मी सांगेन तशी मान वळवतो, सांगेन तेव्हा श्वास धरतो. माहेरच्यांना मात्र मी फक्त ‘फोटो काढणारी’.

माहेर ठाण्याच्या बाळकुमचं. आजोबा मिठागरात राबले, वडिलांनी भात लावला, आणि दादाच्या हातात जमीन आली तेव्हा तिच्यावर टॉवर उभे राहिले. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. दुमजली बंगला, दारात मोठी गाडी, गावच्या जत्रेत पुढचा मान. मला दिली डोंबिवलीला, कोकणातल्या नोकरदार माणसांच्या घरात. तिथे दोन खोल्यांत राहता राहता माझी भाषासुद्धा बदलली. राग आला की मी अजून बाळकुमचीच बोलते, असं माझा नवरा म्हणतो. त्याला माहीत असणारच, तोच ऐकून घेतो.

दादाला एकच मुलगी. तो वाईट बाप होता असं कुणी समजू नये, मला तसं सांगायचंच नाहीये. पोरगी शाळेत बॅडमिंटन खेळायला लागली तेव्हा भावकीतले लोक हसले, ‘पोरीला चड्डीवर नाचवतो’ म्हणाले. दादाने कुणाची भीड ठेवली नाही. सकाळी स्वतः तिला स्कूटरवर बसवून प्रॅक्टिसला न्यायचा आणि ती खेळेपर्यंत बाहेर चहाच्या टपरीवर बसून राहायचा. तिचे कप हॉलमध्ये काचेच्या कपाटात ठेवलेले आणि येईल त्या पाहुण्याला दाखवायचा. मोठी झाल्यावर ती कोलशेतच्या एका कॉम्प्लेक्सच्या क्लबहाऊसमध्ये लहान मुलांना शिकवायला लागली. घरात कशाची कमी नव्हती, पण ते काम तिला आवडायचं. माझ्याकडे आली की तासभर त्या पोरांच्याच गोष्टी सांगायची.

मग लग्न ठरलं. मुलगा शीळफाट्याच्या पुढच्या गावातला, आमच्यातलाच, घर मोठं, माणसं मानाची. मुलीला पसंत होता. लग्नानंतर शिकवायला जायची परवानगी तिने आधीच मागून घेतलेली आणि तिकडच्यांनी हसत हसत दिलेली.

लग्नाला अडीच-तीन आठवडे राहिले असताना ती ब्लाउजची फिटिंग करून स्कूटरवरून परत येत होती. पाण्याच्या टँकरच्या मागे असल्यामुळे पुढचा गतिरोधक दिसला नाही. त्यावर पांढरे पट्टे मारायचं कुणाला सुचलं नव्हतं. स्कूटर घसरली आणि तिचा डावा गाल दुभाजकाच्या कडेवर आपटला. डोक्यावर हेल्मेट होतं, पण ते अर्धं, कानापर्यंतचं, पोरी घालतात तसलं. डोकं वाचलं. तोंड उघडंच होतं.

जवळच्या नर्सिंग होममध्ये नेलं. तिथे डोक्याचे दोन एक्स-रे काढले, एक समोरून, एक बाजूने. संध्याकाळी दादाचा मला फोन.

“काय नाय झाला गो. स्कूटरवरशी परली जरा. डोक्याचा फोटो काढला, नॉर्मल हाय. तू उगाच धावत येऊ नको.”

मी अर्थातच धावत गेले. पोरीचं तोंड ओळखू येत नव्हतं. डावी बाजू टम्म सुजलेली, डोळा मिटलेला, पापणी काळीनिळी. मी हात धुऊन हलकेच तिची पापणी उघडली आणि तिच्यासमोर माझं बोट धरलं. सरळ बघताना एकच बोट दिसत होतं. बोट वर नेलं तशी ती म्हणाली, “आत्या, दोन झाली.” मग तिने स्वतःच सांगितलं की वरचा ओठ आणि गाल बधिर झालाय, दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर होतो तसा.

मला दुसरं काही बघायची गरज नव्हती. दादाला सोफ्यावर बसवून मी शांतपणे समजावलं. म्हटलं, हे डोक्याचे फोटो आहेत, हे कवटी बघायला काढतात. यात कानाजवळची जाड हाडं चेहऱ्यावर येऊन पडतात, गालाचं बारीक हाड मागे झाकलं जातं. गालासाठी वेगळी मान करून वेगळा फोटो घ्यायला लागतो. तो कुणी घेतलाच नाहीये. दादाने रिपोर्टचा कागद माझ्यासमोर धरला आणि ‘नॉर्मल’ या शब्दावर बोट ठेवलं.

“यान काय लिवलाय? वाच.”

काय वाचू, कपाळ माझं? तरी दुसऱ्या दिवशी मी हट्टाने तिला माझ्या हॉस्पिटलला नेलं. दादा स्वतः गाडी घेऊन आला, तेवढं खरं. आत घेतल्यावर तिच्या केसातल्या पिना काढल्या, कानातलं काढलं, नाकातली चमकी तिची तिलाच काढता येईना म्हणून मी काढली. मग तिला प्लेटसमोर बसवलं. हनुवटी प्लेटला टेकव, मान मागे, नाक जरासं लांब, तोंड उघडं ठेव.

“एवढं तोंड वर करून तर मी सेल्फी पण काढत नाही,” ती म्हणाली.

“गप बस, हलू नकोस,” मी म्हटलं आणि काचेमागे गेले.

फोटो स्क्रीनवर आला. चांगल्या चेहऱ्यात दोन्ही डोळ्यांच्या खाली दोन काळे त्रिकोण दिसतात. गालाच्या आतल्या पोकळ्या त्या, त्यांच्यात हवा असते म्हणून काळ्या. तिचा उजवा त्रिकोण स्वच्छ काळा होता. डावा भरून गेलेला, राखाडी-पांढरा, म्हणजे आत रक्त साचलेलं. डोळ्याच्या खालची कड सरळ जायच्या ऐवजी मध्येच पायरीसारखी खाली उतरली होती. आणि त्या कडेखाली एक छोटासा थेंब लोंबत होता. डोळ्याच्या खोबणीचा तळ तडकला की वरचं मांस असं खाली उतरतं आणि फटीत अडकतं. म्हणून तर डोळा वर जाईना. मी रोज असले फोटो बघते आणि जेवायच्या सुट्टीत डबाही खाते. त्या दिवशी डबा तसाच घरी नेला.

आमच्या एक्स-रेच्या डॉक्टरांनी तेच सांगितलं आणि चेहऱ्याच्या हाडांच्या सर्जनकडे पाठवलं. सर्जन बाई होत्या, वयाने माझ्यापेक्षा लहान, बोलायला सरळ. त्यांनी सिटी स्कॅन करून घेतला आणि दादाच्या तोंडावर सांगितलं, सूज थोडी उतरू दे, मग ऑपरेशन करून हाड जागेवर बसवू, एक छोटी पट्टी टाकू, अडकलेलं मांस सोडवू. पण ते हाड जुळायला लागायच्या आधी व्हायला हवं. दोन आठवड्यांच्या आसपास. त्यानंतर हाड जसं आहे तसंच धरून बसेल, डोळाही तसाच राहील. मी मुद्दाम विचारलं, “मॅडम, ही बॅडमिंटन शिकवते, तिला वर बघायला लागतं.” त्या म्हणाल्या, “म्हणूनच सांगतेय, उशीर करू नका.”

दादाने दोनच प्रश्न विचारले. टाके दिसतील का, आणि लग्नात सूज असेल का. बाईंनी लग्न पुढे ढकलायला सांगितलं. दादाने मान हलवली, तारीख घेतली, नमस्कार केला. बाळकुमच्या नाक्यावर पोचल्यावर तो एवढंच म्हणाला की बघू.

या ‘बघू’ला मी लहानपणापासून ओळखते. आमच्या घरात ज्या गोष्टीला कुणी ‘बघू’ म्हणालं ती गोष्ट मेली. तरी मी मूर्खासारखी आशा धरून बसले. रोज फोन करायची. वहिनी उचलायच्या आणि आनंदाने सांगायच्या, “सूज उतरते हो! डोळा उघडला!” मी सांगून सांगून थकले की वहिनी, सूज उतरणं म्हणजे बरं होणं नव्हे. आत हाड खाली गेलंय आणि वर सूज होती म्हणून गाल भरलेला दिसत होता. सूज गेली की खरा गाल दिसेल. वहिनी ‘हो हो’ म्हणायच्या. एका सकाळी त्यांनी मला पोरीचा फोटो पाठवला, ‘एकदम पहिल्यासारखी’ असं लिहून. मी फोटो मोठा करून बघितला. डाव्या बाजूला गाल चपटा झाला होता. घरात एवढी माणसं होती, एकालाही दिसला नाही. की दिसला आणि बोलायचं नव्हतं, देव जाणे.

ऑपरेशनच्या तारखेच्या दोन दिवस आधी घाणा भरला. घाणा म्हणजे आमच्याकडे लग्नाच्या आधी उखळात हळद कुटायची रीत. सवाष्णी गाणी म्हणत मुसळाने हळद कुटतात आणि त्यातली बोटभर नवरीला लावतात. मोठी हळद लग्नाच्या आदल्या दिवशी, डीजे आणि जेवणावळीसकट. पण ती पहिली बोटभर लागली की नवरीने उंबरा ओलांडायचा नाही, असं आमच्या घरात पाळतात. मला घाण्याचं बोलावणं आलंच नाही. नंतर कळलं की भटजींनी काढलेला दिवस पुढचा होता, दादाने तो अलीकडे आणला.

ऑपरेशनच्या दिवशी मी रजा टाकून सकाळीच बाळकुमला गेले. अंगणात मांडवाचे बांबू उभे राहत होते, वर लायटिंगच्या माळा चढत होत्या. पोरीची बॅग भरलेली असेल असं मला वाटलेलं. दादा हॉलमध्ये त्या काचेच्या कपाटासमोर बसून केटररशी फोनवर बोलत होता. फोन ठेवून म्हणाला, “ये गो. च्या घे.”

“चहा नको. पोरीला बोलव, उशीर होतोय.”

“कना नेतेस तिला? हलद लागलीय. आथा ती उंबऱ्याभायेर नाय जायाची.”

मला आधी कळलंच नाही तो काय बोलतोय. मग कळलं आणि अंगाची लाही लाही झाली. मी म्हटलं, दादा, मॅडम वाट बघतायत, आज नाही केलं तर लग्न आटपेपर्यंत हाड जुळेल, मग काही करता येणार नाही. तो म्हणाला, लग्नानंतर करू. मी म्हटलं, लग्नानंतर उपयोग नाही. तो म्हणाला, “शीळफाट्याचे मानसांना काय सांगू मी? पोरीचे तोंडान लोखंडाची पट्टी टाकलीय? बोलतील, पयल्यापासून खोट व्हती, आमचे गल्यान मारली.” आता खरं कारण बाहेर आलं. हळद नुसती पुढे धरलेली.

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, पदराने हात पुसत. मी त्यांना म्हटलं, “वहिनी, तुम्ही तरी बोला, तुमच्या पोटची आहे ती.” त्यांनी मिठाची गुळणी धरलेली ती धरलीच. नजरसुद्धा वर केली नाही.

मग माझा तोल गेला. मी डोंबिवलीची भाषा विसरले. म्हटलं, “आनि तुजे हलदीला काय झालता रं दादा? तुला हलद लागलेली, तवा ठान्याला रजिस्टर ऑफिसान सही कराला कोन गेलता? खिशान अडकित्ता घालून गेलतास. तवा उंबरा नाय आडवा आला?”

ही गोष्ट घरातल्या सगळ्यांना ठाऊक होती. खाडीकडच्या जमिनीच्या तुकड्याचा व्यवहार होता, घेणारा थांबायला तयार नव्हता. हळद लागलेल्या माणसाला बाहेर जायची वेळच आली तर जवळ काहीतरी लोखंडाचं ठेवायचं, म्हणजे बाधा होत नाही, असा तोडगा आमच्याच म्हाताऱ्यांनी काढून ठेवलेला. दादा पिवळ्या तोंडाने ऑफिसात जाऊन सही करून आला आणि वर्षानुवर्षं ती गंमत म्हणून सांगत आला. मी म्हटलं, तोच अडकित्ता आण, पोरीच्या हातात दे, मी तिला तशीच नेते.

दादाला लाज वाटली असती तर मला बरं वाटलं असतं. पण त्याने अगदी समजुतीच्या स्वरात सांगितलं, “ती जमिनीची गोष्ट व्हती गो.”

मी वेड्यासारखी ओरडले. तुझ्या पोरीचा डोळा आहे तो, जमिनीपेक्षा स्वस्त झाला का, असं काहीतरी. बांबूवाले काम सोडून आत बघायला लागले. तेव्हा दादाचा आवाज चढला. “तू फोटो काढतंस. डॉक्टर नाय तू. लग्नघरान अपशकुन करू नको.” मी म्हटलं, निदान पोरीला एकदा बोलू दे, तिला काय वाटतं ते विचारू. आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं. वहिनी तेव्हा पहिल्यांदा बोलल्या.

“झोपलीय ती. उठवू नका.”

मी निघाले. जाताना दोन-चार शब्द असे बोलले की ते इथे लिहिण्यासारखे नाहीत. पोरगी सज्ञान होती, तिला ओढून न्यायला हवं होतं, असं पुढे मला माझ्याच नवऱ्याने ऐकवलं. नेली असती तर पोलिसात तक्रार दादानेच केली असती. मी त्या दिवशी करण्यासारखं सगळं केलं आणि त्याबद्दल मी कुणापुढे मान खाली घालणार नाही.

मोठ्या हळदीला मी गेले. नसते गेले तर गावभर चर्चा झाली असती, आणि पोरगी रडली असती. नवरीला हळद लावायचा मान आत्याचा. संध्याकाळी मांडवात डीजे दणदणत होता, पोरं नाचत होती, दादा सगळ्यांत पुढे, खांद्यावर कुणाचं तरी लेकरू घेऊन. पोरगी पाटावर बसलेली, पिवळी साडी, गळ्यात फुलांचे दागिने. मी हळदीत बोटं बुडवून तिच्या कपाळाला लावली, उजव्या गालाला लावली, मग डाव्या गालाला. डोळ्याच्या खाली माझ्या बोटाला ती पायरी लागली. स्क्रीनवर बघितलेली ती तशीच्या तशी, कातडीच्या खाली, टणक. बोट तिथेच अडकून राहिलं.

“आत्या, लाव ना दुसऱ्या बाजूला,” ती माझ्या कानाशी म्हणाली.

“लावली ग.”

“लावलीस? मला कळलंच नाही.” आणि ती हसली, कारण समोर मोबाईलवर कुणीतरी व्हिडिओ काढत होतं. मी उठून मांडवाच्या मागे, भांडी घासायला बसलेल्या बायकांच्यात जाऊन उभी राहिले आणि रडले. बायकांना वाटलं, भाची सासरी जाते म्हणून. एकीने मला पाणी दिलं.

लग्नाच्या दिवशी ठाण्याहून मेकअपवाली आणलेली. तिने खाली गेलेल्या गालावर रंगांचे थर चढवून दोन्ही बाजू सारख्या केल्या, कमाल केली, मी खोटं नाही बोलणार. फोटोग्राफरला सांगून ठेवलेलं की नवरीला उजवीकडून घ्यायचं. पुढे अल्बम आला तो सगळा उजव्या बाजूचा. सप्तपदीत उजवी बाजू, पाठवणीत उजवी बाजू. पाहुणे कौतुकाने अल्बम चाळायचे, कुणाच्या काही लक्षात यायचं नाही. दादा म्हणायचा, बघा, काय झालं का?

झालं ते असं. ती सासरी रुळली, सासरचे तसे बरे होते, नवरा प्रेमाने वागायचा, फक्त आईच्या शब्दाबाहेर नव्हता. महिन्याभराने ती परत कोलशेतला शिकवायला जायला लागली. पोरांना सर्व्हिस दाखवताना ठीक चालायचं, पण शटल उंच आलं की दोन दिसायची. ती एकावर रॅकेट मारायची आणि ते खोटं निघायचं. पोरंच ती, हसायची सगळी. मग एका मुलाच्या आईने विचारलं की टीचरला बरं नाही का. तिने काम सोडलं. मला फोनवर म्हणाली, शीळफाट्यावरून रोज यायला ट्रॅफिक फार लागतं. बॅडमिंटनच्या पोरांच्या गोष्टी तेव्हापासून बंद झाल्या.

मेकअपशिवाय उजेडात सासूने तिचा गाल बघितला, तो किती दिवस लपणार होता? मग विचारपूस, मग फोनाफोनी. तिकडचे म्हणाले, आम्हाला फसवलं, हाड तुमच्याकडे मोडलं, तुम्हीच नीट करून द्या. दादा म्हणाला, पोरगी आता तुमची, दवाखाना तुमचा. दोन्हीकडे पैशाला तोटा नव्हता, बरं का. प्रश्न नाकाचा होता. जो ऑपरेशन करील त्याने चूक कबूल केल्यासारखं होणार होतं. यात जवळजवळ वर्ष गेलं. दोन्ही घरांत सणवार चालू होते, ओट्या भरल्या जात होत्या, साड्या दिल्या-घेतल्या जात होत्या.

शेवटी पोरीनेच मला फोन केला. “आत्या, मला त्या मॅडमकडे ने.” एवढंच. तिच्या नवऱ्याने हो म्हटलं, पण सासूने अट घातली की तिचा बाप बरोबर पाहिजे. दादा आला. का आला माहीत नाही, कदाचित वहिनींनी त्याच्यापुढे पहिल्यांदा तोंड उघडलं असेल. मी तिचा पुन्हा तोच फोटो काढला. हनुवटी टेकव, मान मागे, तोंड उघडं. या वेळी तिने काही विनोद केला नाही. दोन्ही त्रिकोण आता काळे होते, रक्त केव्हाच जिरलं होतं. डावी कड मात्र तशीच खाली बसलेली आणि खालीच जुळून पक्की झालेली.

सर्जन बाईंनी फोटो बघितला, नवा सिटी स्कॅन बघितला, तिला वर, खाली, बाजूला बघायला लावलं. मग सांगितलं की हाड चुकीच्या जागी जुळलंय. आता परत तोडायला लागेल आणि मग बसवायचं. गाल बऱ्यापैकी सुधारेल. डोळ्याचं मात्र त्या सांगू शकत नाहीत, अडकलेलं मांस इतके दिवस तसंच राहिलंय, दोन दिसणं कदाचित कमी होईल, कदाचित नाही. परत खेळता येईल का, असं पोरीने विचारलं. बाई म्हणाल्या, “मी तुला खोटी आशा देणार नाही.”

मग दादाने घसा खाकरला आणि माझ्याकडे वळून म्हणाला, शुद्ध भाषेत, डॉक्टरांसमोर बोलतात तशा, “हे आधी कुणी सांगायला नको होतं का? तू तर याच खात्यात आहेस. तुला एवढं कळू नये?”

त्या माणसाने हे मनापासून म्हटलं होतं. त्याच्या चेहऱ्यावर दुःख होतं, खरंखुरं, पोरीसाठी. वर्षभर स्वतःला सांगून सांगून त्याला ते पटलंही होतं. सर्जन बाई माझ्याकडे बघत होत्या, त्यांना सगळं आठवत होतं. मी खुर्चीतून उठले, त्याला आता फाडून खायचं असं ठरवून उठले, आणि पोरीने माझा हात धरून मला खाली बसवलं.

“आत्याने सांगितलं होतं, पप्पा,” ती म्हणाली. आवाज चढवला नाही, रडली नाही. “तुम्ही दोघं भांडत होतात ना, तेव्हा मी झोपले नव्हते. दाराच्या आतच उभी होते. कपडे बदललेले, चप्पल पण घातलेली. मला वाटलं, तुम्ही हो म्हणाल.”